घरी शिकणाऱ्या मुलांनाही मराठी शाळेचे दार उघडे असावे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळा सुरू होण्याच्या सुमारास गल्लोगल्ली आणि वाडी-वस्त्यांवर शाळाबाह्य मुलांचा शोध घेतला जातो. हे काम अत्यावश्यक आहे आणि उन्हातान्हात ते करणाऱ्या शिक्षकांविषयी व अंगणवाडी सेविकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र या पाहणीत मुलांची विभागणी शाळेत जाणारी आणि शाळेत न जाणारी अशी दोनच प्रकारांत होते. त्यामुळे वीटभट्टीवर राबणारे मूल, ऊसतोडणीला गेलेल्या आईवडिलांबरोबर एका फडातून दुसऱ्या फडात फिरणारे मूल आणि आईवडिलांजवळ बसून नेमाने मराठी, कन्नड, गणित व विज्ञान शिकणारे मूल ही तिन्ही एकाच यादीत जातात. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरात आपल्या मुलांना घरी शिकवणारी काही मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांपैकी एका कुटुंबातील आई या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. घरी शिकणाऱ्या मुलांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि गावातील किंवा गल्लीतील मराठी शाळेशी त्यांचे रीतसर नाते जोडले जावे, अशी माझी मागणी आहे. ती का आहे, हे समजण्यासाठी आमच्या घरांत रोज काय चालते ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

होमस्कूलिंग म्हटले की पुण्या-मुंबईकडची, घरात इंग्रजी बोलणारी आणि परदेशी अभ्यासक्रम विकत घेणारी कुटुंबे लोकांच्या डोळ्यांपुढे येतात. आमच्यातील कुणी परिचारिका आहे, कुणी यंत्रमागावर काम करतो, कुणी दुकानाचे हिशेब लिहितो, तर कुणाची दीड-दोन एकर शेती आहे. शिवाय घरी बसून विद्या मिळवणे ही आपल्याकडे परदेशातून आलेली गोष्टही नाही. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी, आणि लक्ष्मीबाईंना शिकवले होते त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. त्या काळी बहुतेक मुलींना शाळा नव्हती म्हणून घर हाच मार्ग होता आणि आज शाळा आहेत, हा फरक मला मान्य आहे. तरीही आईवडील हे शिक्षक होऊ शकतात, ही गोष्ट या मातीला नवी नाही, एवढे तरी या उदाहरणावरून म्हणता येईल.

आमच्या कुटुंबांनी हा मार्ग का धरला, याचे उत्तर घरागणिक वेगळे आहे. एका घरातील मुलाला ऐकू कमी येते आणि भरलेल्या वर्गात त्याला शब्द नीट पोहोचत नव्हते. दुसऱ्या घरातील मुलगी अक्षरे उशिरा ओळखू लागली आणि वर्ग तिच्यासाठी थांबू शकला नाही. काहींच्या जवळची मराठी शाळा पट कमी झाल्यामुळे दुसऱ्या शाळेत विलीन झाली आणि पुढचा पर्याय म्हणून इंग्रजी माध्यमच उरले. माझ्या स्वतःच्या मनात एक गोष्ट पक्की होती, ती अशी की मुलाने आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत विचार करण्याची, शंका विचारण्याची आणि गोष्ट सांगण्याची सवय आपल्या भाषेतच लावून घ्यावी. इंग्रजीला आमच्या घरात स्थान आहे, पण ती एक विषय म्हणून शिकवली जाते.

बाहेरच्यांना वाटते की घरी शिकणारे मूल सकाळी उशिरा उठते आणि दिवसभर खेळते. प्रत्यक्षात आमच्या बहुतेक घरांत सकाळचे दोन-अडीच तास भाषा आणि गणितासाठी राखून ठेवलेले असतात. पाढे, शुद्धलेखन, मोठ्याने वाचन आणि वहीत चार ओळी स्वतःच्या मनाने लिहिणे, हे सुटत नाही. उरलेला दिवस परिसरातून शिकण्यासाठी असतो आणि आमच्या या सीमाभागात शिकण्यासारखे इतके आहे की वेळ पुरत नाही.

गणिताचेच उदाहरण घ्यावे. मराठीत दोन अंकी संख्या वाचताना एकक आधी येतो आणि दशक नंतर येतो, जसे सत्तेचाळीस, त्रेसष्ट, पंचाऐंशी. कन्नडमध्ये दशक आधी आणि एकक नंतर, म्हणून त्याच संख्या नलवत्तेळु, अरवत्तमूरु, एंबत्तैदु अशा होतात. शेजारच्या कन्नड मुलांबरोबर गोट्या मोजताना आमच्या मुलांच्या कानांवर या दोन्ही रीती पडतात आणि लहान वयात त्यांचा गोंधळही होतो, ४७ ऐवजी ७४ लिहिले जाते. आम्ही या गोंधळाचाच धडा केला. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, सुट्या काड्या बाजूला ठेवायच्या आणि एकच ढीग आधी मराठीत, मग कन्नडमध्ये मोजायचा. एकोणऐंशी म्हणताना मूल ऐंशीतून एक काडी काढून दाखवते आणि एप्पत्तोंबत्तु म्हणताना सात जुड्या व नऊ काड्या पुढे सरकवते. ७९ मधला ७ म्हणजे सत्तर, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही, कारण ते त्याच्या हातात असते. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दशक आधी सांगणारी संख्यावाचनाची नवी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला, हे वाचकांना आठवत असेल. आमच्या मुलांना जोडाक्षरांसह मराठी संख्यानामे येतात आणि दशक आधी सांगण्याची रीतही येते, आणि ही देणगी त्यांना या भूमीने दिलेली आहे, असे मी मानते.

क्षेत्रफळाचा धडा शेतात होतो. ३३ फुटांची दोरी घेऊन मुले चौरस आखतात, त्याचे १०८९ चौरस फूट होतात आणि त्याला गुंठा म्हणतात. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हा गुणाकार वहीत करण्यापूर्वी मुलांनी बांधावरून चालत जाऊन केलेला असतो, त्यामुळे घरातील मोठी माणसे जमिनीविषयी बोलतात तेव्हा ती काय बोलतात हे मुलांना समजू लागते. भाताची सुगी झाल्यावर शिवारात मसूर पेरला जातो. त्याचे एखादे रोप मुळासकट उपटून पाण्यात हलकेच धुतले की मुळांवर बारीक गाठी दिसतात आणि नखाने फोडल्या तर आतून त्या गुलाबी असतात. हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू या गाठींत राहतात. भातानंतर कडधान्य घेण्याची आपल्या वाडवडिलांची पद्धत आणि विज्ञानाच्या पुस्तकातील नत्रचक्राची आकृती यांची गाठ तेथे पडते. ज्या शेतकरी आजोबांच्या रानात आम्ही जातो, त्यांनाही त्या गाठी मुलांच्या बरोबरीने न्याहाळताना मी पाहिले आहे.

भूगोलाच्या बाबतीत तर खानापूर तालुक्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते, पूर्वेकडे वाहत जाते आणि कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. त्याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावलेली म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी या नावाने अरबी समुद्राला मिळते. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस काही बंगालच्या उपसागरात जातो आणि काही अरबी समुद्रात. जलविभाजक ही कल्पना नकाशावर रेघ ओढून शिकवता येते, पण घाटमाथ्यावर उभे राहून दोन्ही बाजूंचे उतार पाहिलेले मूल ती विसरत नाही. आमच्यातील बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथील कुटुंबे पावसाळ्यात सरळ बाजूंच्या बरण्या अंगणात ठेवतात, मुले रोज सकाळी पट्टीने पाणी मोजतात आणि महिन्याच्या शेवटी तिन्ही ठिकाणचे आकडे एका आलेखावर मांडतात. खानापूरचा स्तंभ उंच का आणि निपाणीचा ठेंगणा का, या प्रश्नातून सह्याद्री, ढग आणि पर्जन्यछाया आपोआप निघतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढे कळल्यावर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद कौलारू छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर १२०० लिटर पाणी वाहून गेले, हा हिशेब मुलांनी स्वतःच केला. त्यानंतर नळाला पाणी नसलेल्या दिवसांविषयी त्यांनी विचारलेले प्रश्न आम्हा मोठ्यांनाही सहज उत्तर देता येतील असे नव्हते. शहराचे पाणी राकसकोप आणि हिडकलहून येते, हे ठाऊक होते. ते मार्कंडेय आणि घटप्रभेचे पाणी आहे आणि या दोन्ही नद्याही शेवटी कृष्णेलाच जातात, हे त्यांनी नकाशावर बोटाने शोधून काढले.

शहापूर-वडगावच्या मागांवर कांडी भरणे आणि धोट्याची फेक पाहणे, खानापूरच्या कुंभारांकडे मातीची पारख शिकणे, हलशीला कदंबांच्या काळातील मंदिर आणि बेळगावच्या किल्ल्यातील १२०४ सालचे कमल बस्ती हे जैन मंदिर पाहून दोन्हींच्या खांबांची चित्रे काढणे, हेही होत असते. विस्तारभयास्तव त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

कन्नडविषयी मात्र स्पष्टपणे लिहिले पाहिजे, कारण मुलांना कन्नड नको म्हणून आम्ही त्यांना घरी ठेवले आहे, असा समज काही ठिकाणी पसरलेला आहे. तो पूर्णपणे चुकीचा आहे. राज्यातील शाळांना २०१५ च्या कायद्याने कन्नड अनिवार्य केलेली आहे. आम्ही ती कायदा नसता तरी स्वतःहून शिकवली असती, कारण बसची पाटी, दवाखान्याची चिठ्ठी आणि शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि तो वाचता न येणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. आमची मुले कन्नड अक्षरे बसच्या पाट्यांवरून शिकली आणि कन्नड गोष्टी शेजारच्या अज्जींकडून ऐकतात. त्या बदल्यात अज्जींची नातवंडे आमच्याकडे मराठी वाचायला बसतात. सीमाप्रश्नावर १९५६ पासून आपल्या लोकांनी जे सोसले आणि जो लढा दिला, त्याविषयी माझ्या मनात कोणताही किंतु नाही. त्या लढ्याचा आणि मुलाने शेजाऱ्याची भाषा प्रेमाने शिकण्याचा परस्परांशी विरोध आहे, असे मला वाटत नाही, आणि ज्यांच्या घरांत तो विरोध मुलांच्या कानांवर सतत घातला जातो, त्यांना मी कळकळीने विनंती करते की तो घालू नये.

अभ्यासाची साधने मराठीत मिळत नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकते. ती निम्मीच खरी आहे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, कर्नाटक सरकारही मराठी माध्यमाची पाठ्यपुस्तके काढते, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक मुले आवडीने वाचतात, मराठी विश्वकोशही संगणकावर खुला आहे. पाचवी-सहावीपर्यंत एवढ्यावर उत्तम काम चालते. त्यापुढे विज्ञानाची, विशेषतः प्रयोगांची अडचण येते. सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, तराजू आणि चुंबक यांचा संच प्रत्येक घराने विकत घेणे परवडणारे नाही, आणि घेतला तरी तो हाताळून दाखवणारे माणूस लागते. येथेच शाळेची उणीव भासू लागते.

दुसरी उणीव मैदानाची आणि सोबत्यांची. आठवड्यातून एकदा आमची कुटुंबे एकत्र येतात, मुले खेळतात, एकमेकांना गोष्टी वाचून दाखवतात, भांडतात आणि भांडण मिटवतातही. तरीही तीस-चाळीस मुलांच्या वर्गात वेगवेगळ्या घरांतील, जातींतील आणि परिस्थितींतील मुलांबरोबर बाकावर बसण्याने जे शिक्षण होते, ते आपल्यासारख्याच चार-सहा घरांतून होत नाही. गृहशिक्षणाचे समर्थन करताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट घरातील बाईच्या कष्टांची आहे आणि ती तर फारच कमी बोलली जाते. घरी शिकवणे म्हणजे बहुतेक ठिकाणी आईने शिकवणे. सकाळी डबे, धुणे, पाणी, सासू-सासऱ्यांची औषधे हे सगळे सांभाळून तिने पाटी घेऊन बसायचे, दुपारी उद्याची तयारी करायची आणि संध्याकाळी नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची. त्यातून मूल एखाद्या विषयात मागे दिसले की बोट तिच्याकडेच. वडिलांनी ठरावीक विषय आणि ठरावीक वेळ स्वतःकडे घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे मी नव्याने विचारायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगते. आमच्यातील यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ पाळी संपवून आल्यावर मुलाबरोबर रोज गणिताला बसतात, आणि त्या मुलाचे गणित आम्हा सर्वांच्या मुलांपेक्षा चांगले आहे. ज्या घरात हे होण्यासारखे नाही, तेथे मुलाला शाळेतच पाठवावे आणि त्यात कोणताही कमीपणा मानू नये.

परीक्षांचा प्रश्न लोक समजतात तेवढा अवघड राहिलेला नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणक्रमाच्या अ, ब आणि क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही त्यांचा उल्लेख आहे. चौदा वर्षे पूर्ण झाली की दहावीसाठी नोंदणी करता येते, ती पाच वर्षे टिकते आणि त्या मुदतीत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एकेक विषय तयारी होईल तसा देता येतो, याचा सर्वांत मोठा आधार सावकाश शिकणाऱ्या मुलांना होतो.

कायद्याची बाजू मात्र धूसर आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम सांगते. गृहशिक्षणाचा त्यात उल्लेखच नाही. राज्यघटनेचे कलम ५१ क पालकांवर मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य टाकते, तर कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, आणि तेही कर्नाटकच्याच प्रकरणात, मुलाच्या प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा आहे, असे म्हटले. या निकालाचा लाभ प्रामुख्याने इंग्रजी शाळांना झाला. मराठीतून शिकवू इच्छिणाऱ्या पालकांनीही तो आपला म्हणून वापरायला हवा होता, तो आपण वापरला नाही, याची मला खंत वाटते.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येते. मराठी शाळांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, अशा एका ज्येष्ठ निवृत्त शिक्षकांनी मला विचारले की, तुम्ही एक मूल घरी ठेवता तेव्हा मराठी शाळेच्या पटावरचे एक नाव कमी करता, हे तुमच्या लक्षात येते का? या प्रश्नाने मला अनेक रात्री झोप लागली नाही. सीमाभागातील मराठी शाळा ही केवळ चार खोल्यांची इमारत नाही. मराठी भाषकांनी आपले अस्तित्व टिकवण्यासाठी उभारलेली आणि राखलेली ती जागा आहे. पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पालक मुले काढून घेतात आणि मग एके दिवशी शाळा विलीन झाल्याचा आदेश येतो. आमच्यासारखी मूठभर कुटुंबे या घसरणीचे कारण नाहीत, तिचे मोठे कारण इंग्रजी माध्यमाचे आकर्षण आहे, हे आकड्यांशिवायही प्रत्येक गल्लीतील सकाळच्या पिवळ्या गाड्या पाहून कळते. तरीही गुरुजींचा प्रश्न टाळता येत नाही. मराठीच्या प्रेमापोटी मूल घरी शिकवायचे आणि मराठीची शाळा ओस पडताना दुरून पाहायचे, हे माझ्या मनाला पटत नाही.

म्हणून मला असे वाटते की या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात. घरी शिकणाऱ्या मुलाला जवळच्या मराठी शाळेने ‘संलग्न विद्यार्थी’ म्हणून नोंदवून घ्यावे. त्याने आठवड्यातून दोन दिवस शाळेत यावे, प्रयोग, खेळ, कवायत, समूहगीत, सहल आणि स्नेहसंमेलन यांत इतरांच्या बरोबरीने भाग घ्यावा, शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तके न्यावीत आणि सत्राअखेरीस शिक्षकांसमोर आपल्या वह्या ठेवून तोंडी व लेखी चाचणी द्यावी. अनुपस्थित मुलाची खोटी हजेरी लावावी, असे मी सुचवत नाही. तसे करणे मुलाला पहिला धडाच अप्रामाणिकपणाचा देणे होईल. नोंद वेगळी असावी, उघड असावी आणि शिक्षकसंख्या ठरवताना तिचा काही अंशी तरी विचार व्हावा.

हे शाळांना झेपेल का, असे विचारले जाईल. कर्नाटकच्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली अनेक वर्षे ‘नलीकली’ पद्धत वापरली जाते. वेगवेगळ्या वयांची मुले एका वर्गात गट करून बसतात, प्रत्येक मूल आपल्या गतीने पायरीपायरीने पुढे जाते आणि शिक्षक गटागटांतून फिरतात. आमच्या घरांतही नेमके हेच चालते. शेजारच्या गावची मोठी मुलगी लहानांना वाचून दाखवते आणि एकाच चटईवर तिघे तीन वेगळे धडे करत असतात. ज्या शिक्षकांना ही पद्धत हाताळण्याची सवय आहे, त्यांना दोन दिवस येणारे मूल सामावून घेणे कठीण जाणार नाही, असा माझा विश्वास आहे. शिवाय आम्ही रिकाम्या हातांनी येणार नाही. आमच्यातील परिचारिका प्रथमोपचार शिकवू शकते, विणकर कापडाची वीण उलगडून दाखवू शकतो, हिशेबनीस मुलांकडून शाळेच्या सहकारी भांडाराची वही लिहून घेऊ शकतो, आणि मी स्वतः आठवड्यातून एक दिवस गोष्टींच्या वाचनाचा तास आनंदाने घेईन.

नोंदणीचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरते आणि हे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या जिल्ह्यात विडी वळायला, शेळ्या राखायला किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला शाळेतून काढलेल्या मुली आजही आहेत. उद्या गृहशिक्षणाला कोणतीही देखरेख नसताना मान्यता मिळाली, तर “ती घरीच शिकते” एवढे एक वाक्य त्या मुलींचे शिक्षण कायमचे बंद करायला पुरेल आणि त्यातून बालविवाहाची वाटही मोकळी होईल. असे होणार असेल तर मला माझे स्वातंत्र्य नको. म्हणून वर्षातून किमान दोनदा शाळेतील किंवा क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयातील जबाबदार व्यक्तीने घरी शिकणाऱ्या मुलाला प्रत्यक्ष भेटावे, पालकांना बाहेर बसवून त्याच्याशी बोलावे, त्याचे वाचन ऐकावे आणि तो किंवा ती खरोखर शिकत आहे का, हे स्वतः पाहावे. शिकत नसेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने त्याला वयानुरूप वर्गात बसवण्याची सोय केलेलीच आहे, ती वापरावी. ज्या पालकांना ही भेट जाचक वाटते, त्यांच्याशी माझे मत जुळत नाही, आणि आमच्या बैठकांतही मी ते वारंवार बोलून दाखवले आहे.

शिक्षण खात्याचा आदेश निघायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोपर्यंत शाळा सुधारणा समित्या आणि मुख्याध्यापक आपल्या अधिकारात करू शकतील अशा काही गोष्टी आहेत. शाळा सुटल्यावर तासभर मैदान खुले ठेवणे, शनिवारी ग्रंथालयाचे कपाट उघडणे, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व आणि हस्ताक्षर स्पर्धांत बाहेरच्या मुलांना भाग घेऊ देणे, यासाठी वरून परवानगीची वाट पाहावी लागू नये. १८४८ पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांनीही सकाळच्या वेळी मुलांसाठी एखादा कोपरा आणि एखादे टेबल राखून ठेवले, तर घरी शिकणाऱ्यांबरोबर शाळेत जाणाऱ्या मुलांचाही सुट्टीच्या दिवसांत फायदाच होईल.

आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांत मराठी शाळांचे अनेक मुख्याध्यापक, शिक्षक आणि समिती सदस्य आहेत. त्यांपैकी ज्यांना हा प्रयोग येत्या सत्रात आपल्या शाळेत करून पाहावासा वाटतो, त्यांनी आपल्या स्तंभातून तसे कळवावे, ही विनंती. पहिल्या भेटीला आम्ही मुलांच्या वह्या, पावसाच्या नोंदी, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि कन्नड शुद्धलेखनाची पाने घेऊन येऊ, शिक्षकांनी मुलांना हवे ते प्रश्न विचारावेत आणि त्यानंतर कोणते दोन दिवस सोयीचे आहेत हे शाळेने ठरवावे.

आपली विश्वासू,
एक पालक,
शहापूर, बेळगाव